सर आर्चिबाल्ड गॅरॉड : व्यक्ति तितक्या प्रकृति

वसतिगृहाच्या भोजनगृहांत पंगत बसली म्हणजे सर्वांच्या ताटांत एकच अन्न पडतें. तीच आमटी, तीच भाकरी आणि तोच दुधाचा पेला. शिस्तीच्या दृष्टीनें हें योग्यच आहे, आणि आम्ही ह्या शिस्तीचे जुने पुरस्कर्ते आहों. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या देखरेखीखालीं एक मुलगा होता. दूध प्यालें कीं त्याचें पोट फुगे, मुरडा येई, आणि पुढें पुढें तो पेल्यास हात लावावयास तयार होईना. आम्ही त्यास हट्टी समजलों व पेला रिकामा झाल्यावांचून त्यास पंगतींतून उठूं दिलें नाहीं. त्या मुलाची हकीगत पुढें येईलच. येथें त्याचें स्मरण होण्याचें कारण इतकेंच कीं, ज्या थोर वैद्यांचें चरित्र आम्ही विद्यार्थी वाचकांस सादर करीत आहों, त्यांनीं शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं जें दाखवून दिलें होतें तें आम्हांस ठाऊक असतें, तर त्या बालकाचा छळ आमच्या हातून झाला नसता.

आर्चिबाल्ड एडवर्ड गॅरॉड ह्यांचा जन्म लंडन शहरीं ता. २५ नोव्हेंबर १८५७ रोजीं झाला. त्यांचे वडील सर आल्फ्रेड बेअरिंग गॅरॉड हे त्या काळचे नामांकित डॉक्टर होते. इंग्लंडांतील सुखवस्तु लोकांस छळणारा गाउट नांवाचा एक विकार आहे; आमच्याकडील वैद्य त्यास वातरक्त म्हणतात. पायाचा आंगठा सुजून ठणकूं लागतो व पांघरुणाचा स्पर्शहि सहन होत नाहीं. ह्या रोग्यांच्या रक्तांत यूरिक आम्लाचें प्रमाण वाढलेलें असतें हें सर आल्फ्रेड ह्यांनीं शोधून काढिलें, आणि तें ओळखण्याची त्यांची युक्ति इतकी सोपी होती कीं आमच्या प्रयोगशाळेंतील मुलांसहि ती समजेल. रक्तांतील पाणी एका बशींत घेऊन त्यांत ते एक धागा सोडून ठेवीत. कांहीं वेळानें त्या धाग्यावर यूरिक आम्लाचे स्फटिक जमत. एकाच मेजावर बसून तेंच मांस खाणाऱ्या व तीच दारू पिणाऱ्या दहा माणसांपैकीं एखाद्यासच हा विकार कां व्हावा, आणि तो पुष्कळदां त्याच्या बापासहि झालेला कां असावा, हा प्रश्न त्या घरांत सहज बोलला जात असला पाहिजे. थोरल्या भावांपैकीं एक प्राणिशास्त्रज्ञ म्हणून पुढें आला व ऐन तारुण्यांत, १८७९ सालीं, क्षयानें मरण पावला.

आर्चिबाल्ड ह्यांचें शिक्षण मार्लबरो येथील शाळेंत झालें. ते तेथें शिकत असतां फ्रेडरिक फॅरर हे त्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचा जन्म आमच्या मुंबईचा व ते मिशनरी पित्याचे पुत्र, म्हणून त्यांचा उल्लेख करण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. लॅटिन व ग्रीक ह्या विषयांत आर्चिबाल्ड फारसे चमकले नाहींत. त्यांचें मन सृष्टिविज्ञानाकडे ओढ घेई. पुढें ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयांतून १८८० सालीं ते सृष्टिशास्त्रांत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले. आकाशांतील तेजोमेघांविषयीं मनुष्याचें ज्ञान कसकसें वाढत गेलें ह्यावर त्यांनीं तेथें एक निबंध लिहून पारितोषिकहि मिळविलें. पुढें ज्यांचें सारें लक्ष रोग्यांच्या मूत्राच्या बाटल्यांकडे लागावयाचें होतें, त्यांनीं आरंभ ताऱ्यांपासून करावा ही मौजेची गोष्ट आहे. पण दोन्हींकडे रंग व प्रकाश हेच साक्षीदार, हें लक्षांत घेतलें म्हणजे तीं दोन कामें इतकीं दूरचीं वाटत नाहींत.

लंडन येथील सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत वैद्यकाचा अभ्यास पुरा करून ते कांहीं काळ व्हिएन्नास राहून आले. १८८६ सालीं त्यांनीं त्याच रुग्णालयाचे शस्त्रवैद्य सर टॉमस स्मिथ ह्यांच्या कन्येशीं विवाह केला. त्यांस तीन पुत्र व एक कन्या झाली. मोठ्या रुग्णालयांत वरची जागा मिळण्यास त्यांस पुष्कळ वर्षें वाट पाहावी लागली. ह्या प्रतीक्षेचा काळ त्यांनीं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयांत लहान मुलांची शुश्रूषा करण्यांत व एका अगदीं अप्रसिद्ध विषयाचा अभ्यास करण्यांत घालविला. तो विषय म्हणजे मूत्राचे रंग. निरोगी माणसाचें मूत्र पिवळें कां, अमुक रोगांत तें लाल कां होतें, हें ते वर्णपटदर्शक यंत्रांतून तासन् तास पाहात. ह्या कामीं त्यांस फ्रेडरिक गौलंड हॉप्किन्स ह्या तरुण रसायनशास्त्रज्ञाचें साहाय्य लाभलें. जीवनसत्त्वांसंबंधींच्या शोधाबद्दल १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे हॉप्किन्स ते हेच. दोघांची मैत्री जन्मभर टिकली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या बालरुग्णालयांत एक तान्हें मूल आलें. मुलाच्या दुपट्यांवर तपकिरी-काळे डाग पडत व ते धुण्यानें जाण्याऐवजीं अधिकच गडद होत. ह्यास अल्काप्टोन्युरिया असें नांव होतें. मूत्र बाहेर पडतांना साधेंच असतें. पण हवेंत राहिलें कीं तें काळें पडतें, कारण त्यांत होमोजेंटिसिक आम्ल नांवाचें एक द्रव्य असतें. तो काळ जंतूंच्या शोधांचा होता. प्रत्येक विकाराच्या मुळाशीं कोणता ना कोणता जंतु सांपडेल असा विद्वानांचा भरंवसा होता, व हें आम्ल आंतड्यांतील जंतूच तयार करीत असावेत असें मानलें जाई. गॅरॉड ह्यांस तें पटेना. जंतूंचा रोग म्हटला म्हणजे तो केव्हां तरी सुरू होतो, वाढतो, उतरतो. हा विकार तर जन्मापासून मरणापर्यंत एकाच रीतीनें चाले, आणि तो असलेलीं माणसें इतर माणसांसारखींच खातपीत व वाढत.

मग एक संधि आपण होऊन आली. त्याच मुलाच्या मातेस पुन्हां दिवस गेले होते. १९०१ सालीं तें अपत्य जन्मास येतांच त्याचीं दुपटीं पहिल्या तासापासून नीट पाहात राहावें, अशी व्यवस्था गॅरॉड ह्यांनीं केली. मोठमोठ्या शोधांस मोठीं यंत्रें लागतात असा आमच्या विद्यार्थ्यांचा समज असतो. येथें एक दाई, एक घड्याळ व कांहीं धुतलेलीं दुपटीं एवढीच सामग्री होती. तिसऱ्या दिवसापर्यंत डाग दिसूं लागले. इतक्या थोड्या वेळांत बाहेरचा जंतु शरीरांत शिरून घर करील हें संभवत नव्हतें. तें मूल तसेंच जन्मास आलें होतें.

तसेंच म्हणजे कसें? एके दिवशीं रुग्णालयांतून घरीं परतत असतां गॅरॉड ह्यांच्या मनांत असा विचार आला कीं, एकाच घरांतील एकाहून अधिक मुलांस हा दुर्मिळ विकार होतो, तर त्या मुलांच्या आईबापांचें मूळचें नातें काय असावें, असें सांगतात. त्यांनीं चौकशी केली, तों दोघांच्या माता सख्ख्या बहिणी असल्याचें कळलें. इंग्रजींत त्यांस नुसतें कझिन म्हणून भागतें. आमच्या भाषेंत तीं मावसभावंडें झालीं. मावसभावंडांचा विवाह आमच्याकडे कोणी मनांतहि आणणार नाहीं, परंतु मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल महाराष्ट्रांतील अनेक समाजांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. निसर्गाच्या हिशेबांत मात्र हा भेद नाहीं. मावस असोत, आते-मामे असोत कीं चुलत असोत, आजा-आजीकडून आलेला वारसा दोघांत सारख्याच प्रमाणांत, म्हणजे सुमारें आठवा हिस्सा, सामाईक असतो. गॅरॉड ह्यांनीं अशा इतर कुटुंबांची माहिती मिळविली, तेव्हां त्यांतहि भावंडांमधील विवाहांचें प्रमाण सर्वसाधारण समाजाच्या मानानें फारच मोठें असल्याचें आढळलें.

ह्याच सुमारास, १९०० सालीं, ग्रेगोर मेंडेल ह्या ऑस्ट्रियन धर्मगुरूंचा वाटाण्यांविषयींचा निबंध चौतीस वर्षांच्या अज्ञातवासांतून बाहेर आला होता. इंग्लंडांत त्याचा पुरस्कार विल्यम बेटसन हे केंब्रिजचे विद्वान करीत होते. त्यांनीं गॅरॉड ह्यांची माहिती पाहतांच जाणलें कीं हा मेंडेलच्या नियमाचाच मनुष्यांतील दाखला आहे. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती आपणांत असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून. त्यांपैकीं एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम भागविते, व दोष झांकून राहतो. आईबाप दोघेहि अशी झांकलेली सदोष प्रत बाळगणारे असले, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतींत चारांत एक इतका संभव असतो कीं दोन्ही सदोष प्रती त्याच्याच वाट्यास येतील. पिवळ्या वाटाण्यांच्या संकरांतून दुसऱ्या पिढींत एक चतुर्थांश हिरवे दाणे पुन्हां उगवतात, तें ह्याच न्यायानें. आप्तांच्या विवाहांत एकच दुर्मिळ सदोष प्रत दोन्हींकडून येण्याची शक्यता वाढते, एवढाच नात्याचा दोष.

डिसेंबर १९०२ मध्यें 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत गॅरॉड ह्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. मेंडेलचा नियम मनुष्याच्या विकारास लावण्याचा हा पहिला प्रयत्न. परंतु आमच्या मतें त्या निबंधाचें खरें महत्त्व त्याहून पुढचें आहे. त्यांत त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, काळें मूत्र हा एक ठळक दिसणारा प्रकार झाला. न दिसणारे असे लहानसहान भेद सर्वच माणसांत असले पाहिजेत. दोन माणसांचे चेहरे जसे तंतोतंत जुळत नाहींत, तशी त्यांच्या शरीरांत चालणारी रासायनिक घडामोडहि तंतोतंत जुळत नसते. कांहीं औषधें कांहीं जणांसच बाधतात व कांहीं माणसें जन्मतःच एखाद्या रोगास बळी पडण्याजोगीं असतात, ह्याचें मूळहि ह्या भेदांत असावें. व्यक्ति तितक्या प्रकृति ही म्हण आमच्याकडे लहान मुलासहि ठाऊक आहे. परंतु म्हण ठाऊक असणें वेगळें आणि प्रकृति म्हणजे नेमकें कोणतें द्रव्य कोठें अडतें, हें दाखवून देणें वेगळें.

हें अडणें कसें असतें तें समजण्यासारखें आहे, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. आपण डाळ, दूध, अंडें किंवा मांस खातों, त्यांतील प्रथिनांचे पोटांत तुकडे होऊन ॲमिनो आम्लें बनतात. त्यांपैकीं फेनिलॲलनिन नांवाचें एक आम्ल घेऊं. शरीर त्याचें टायरोसिन करतें, टायरोसिनपासून आणखी दोन पायऱ्यांनीं होमोजेंटिसिक आम्ल करतें, आणि तेंहि पुढें फोडीत फोडीत अखेर पाणी व कार्बन डायऑक्साइड ह्यांवर आणून सोडतें. पाटाचें पाणी जसें एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत जातें, तसा हा प्रवाह आहे. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशीं बारें उघडून देणारा एक माळी उभा असतो. शास्त्रज्ञ त्यास एन्झाइम म्हणतात. एखादा माळी जन्मतःच गैरहजर असला तर काय होईल? पुढचे वाफे कोरडे राहतील, आणि अडलेलें पाणी मागें तुंबून बांधावरून वाहूं लागेल. अल्काप्टोन्युरियांत होमोजेंटिसिक आम्ल फोडणारा माळी नसतो, म्हणून तें आम्ल तुंबतें व मूत्रावाटे बाहेर पडतें. अशा माणसास प्रथिनें अधिक खाऊं घातलीं तर आम्लहि अधिक पडतें. म्हणजे दोष आनुवंशिक असला तरी त्याचें माप ताटांतील अन्नावर हलतें. ह्या एका वाक्यांत पुढच्या शतकाचें आहारशास्त्र सांठविलेलें आहे.

१९०८ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या संस्थेनें त्यांस क्रोनियन व्याख्यानें देण्यास पाचारण केलें. त्यांत त्यांनीं शरीरांतील रासायनिक घडामोडींच्या चार जन्मजात दोषांचें विवेचन केलें : काळें मूत्र, त्वचा व केस जन्मतः वर्णहीन असणें, सिस्टिन नांवाच्या द्रव्याचे मुतखडे होणें, आणि मूत्रांत पेंटोज जातीची साखर उतरणें. ह्या शेवटच्या प्रकारांत कसलाहि धोका नसतो. तरी साखर दिसली म्हणून अशा माणसास मधुमेही ठरवून जन्मभर व्यर्थ पथ्य पाळावयास लावलें जाण्याचा संभव असे. प्रकृति न जाणतां सांगितलेलें पथ्य हाहि एक अन्यायच होय. १९०९ सालीं तीं व्याख्यानें पुस्तकरूपानें निघालीं, व १९१० सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासद करून घेतलें.

मान मिळाला, पण विचार मात्र रुजला नाहीं. वैद्यांस वाटे, लाखांत एखाद्यास होणाऱ्या विकाराचा आम्हांस उपयोग काय? आनुवंशशास्त्राचे अभ्यासक वाटाणे, कोंबड्या व फळमाशा मोजण्यांत गुंतले होते व रसायनशास्त्र त्यांस परकें होतें. रसायनशास्त्रज्ञांस आनुवंश परका. तिन्ही शास्त्रांच्या शिवेवर उभ्या असलेल्या माणसाकडे तिघांचीहि पाठ होती.

तशांत १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. गॅरॉड ह्यांस सैन्याचे सल्लागार वैद्य म्हणून माल्टा बेटावर पाठविण्यांत आलें. गॅलिपोली व सॅलोनिका येथील रणांगणांवरून जखमी व आजारी सैनिकांनीं भरलेलीं जहाजें तेथें येत, व तें सबंध बेट एक रुग्णालय बनलें होतें. परक्यांच्या मुलांस ते वांचवीत होते. त्यांचा एक पुत्र १९१५ सालीं जखमांनीं मरण पावला. दुसरा पुत्र, जो स्वतः डॉक्टर होता, तो १९१६ सालीं आघाडीवर मारला गेला. तिसरा युद्धांतून जगला, आणि युद्ध संपल्यावर, १९१९ सालीं, जर्मनींतील कोलोन येथें इन्फ्लुएन्झाच्या सांथींत गेला. आनुवंशाचा नियम ज्यांनीं मनुष्यजातीस प्रथम लावून दाखविला, त्यांच्या तिन्ही मुलांस गोळीनें व सांथीनें नेलें. ह्याविषयीं अधिक लिहिणें आम्हांस उचित वाटत नाहीं.

१९२० सालीं सर विल्यम ऑस्लर ह्यांच्या निधनानें रिकामी झालेली ऑक्सफर्ड येथील वैद्यकाच्या रीजस प्राध्यापकाची जागा त्यांस मिळाली व ती त्यांनीं १९२७ पर्यंत भूषविली. निवृत्तीनंतर, १९३१ सालीं, त्यांनीं आपलें दुसरें महत्त्वाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. दुर्मिळ दोषांपुरतेंच न थांबतां, सर्वसामान्य रोगांसहि माणसाची जन्मजात घडण कारण असते, आणि त्या घडणीचें मूळ शरीराच्या रसायनांत असतें, हा त्या पुस्तकाचा विषय. ज्या वातरक्तावर वडिलांनीं आयुष्य वेचलें, त्याच प्रश्नाकडे पुत्र वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं परत आला होता. पुस्तकाकडे फारच थोड्यांचें लक्ष गेलें. ता. २८ मार्च १९३६ रोजीं केंब्रिज येथें, कन्या डोरोथी हिच्या घरीं, त्यांचें देहावसान झालें. पॅलेस्टाइनमधील कर्मेल डोंगराच्या गुहा खणून आदिमानवाचे अवशेष उजेडांत आणणारी विख्यात संशोधिका ती हीच. १९३९ सालीं ती केंब्रिज येथें प्राध्यापक झाली. ऑक्सफर्ड व केंब्रिज ह्या दोन्ही विद्यापीठांत असें पद मिळविणारी ती पहिलीच स्त्री. पण तें पाहावयास पिता उरला नव्हता.

पिता गेल्यावर पांच वर्षांनीं, १९४१ सालीं, बीडल व टेटम ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं पावावर येणाऱ्या एका बुरशीवर प्रयोग करून दाखविलें कीं जीन, म्हणजेच जनुक, हा एन्झाइमांच्या द्वारें आपलें काम करतो. एक जनुक बिघडला कीं एक माळी गैरहजर. १९५८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां बीडल ह्यांनीं मोकळ्या मनानें कबूल केलें कीं हें सत्य गॅरॉड ह्यांनीं कित्येक वर्षें आधींच सांगून ठेविलें होतें. त्याच वर्षीं अल्काप्टोन्युरिया झालेल्या माणसाच्या यकृतांत तें एन्झाइम खरोखरीच नसल्याचें प्रयोगानें सिद्ध झालें.

आतां ह्या ज्ञानाचें अन्नाशीं काय नातें जुळलें तें पाहूं. गॅरॉड हयात असतांनाच, १९३४ सालीं, नॉर्वेंतील ॲस्ब्योर्न फोलिंग ह्या डॉक्टरांकडे एक माता आपलीं दोन मतिमंद मुलें घेऊन आली. मुलांच्या अंगास एक विचित्र वास येतो, तो कशाचा हें तिला जाणून घ्यावयाचें होतें. फोलिंग ह्यांस मुलांच्या मूत्रांत फेनिलपायरुविक आम्ल सांपडलें. वर सांगितलेल्या पाटाच्या अगदीं पहिल्याच तोंडाशीं, फेनिलॲलनिनचें टायरोसिन करणारा माळी त्या मुलांत नव्हता. तुंबलेल्या फेनिलॲलनिननें त्यांच्या मेंदूची वाढ खुंटविली होती. रोग कळला, उपाय कळला नाहीं. उपाय १९५१ पासून पुढच्या दोन वर्षांत इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथील बालरुग्णालयांत होर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शोधला. एका लहान मुलीस, जिला उभें राहतां येत नव्हतें व जी कशाकडे लक्ष देत नव्हती, त्यांनीं फेनिलॲलनिन जवळजवळ काढून टाकलेलें अन्न सुरू केलें. कांहीं महिन्यांत ती उभी राहूं लागली. अन्नानेंच गुण आला हें निश्चित करण्यासाठीं तिच्या अन्नांत तें द्रव्य पुन्हां मिसळून पाहिलें, तों तिची प्रकृति ढासळली. काढून घेतलें, तों सुधारली.

जनुक तोच राहिला, ताट बदललें. आनुवंश म्हणजे ललाटलेख, तेथें मनुष्याचें कांहीं चालत नाहीं, असें मानणाऱ्यांस ह्याहून चांगलें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं. मात्र मेंदूची हानि होण्यापूर्वींच पथ्य सुरू व्हावें लागतें. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंतील रॉबर्ट गथ्री ह्यांनीं अर्भकाच्या टांचेंतून काढलेला रक्ताचा थेंब कागदावर वाळवून तपासण्याची पद्धति काढली, व अनेक देशांत प्रत्येक नवजात मुलाची अशी परीक्षा होऊं लागली. आमच्या विद्यार्थ्यांनीं साखरेऐवजीं ॲस्पार्टेम घातलेल्या शीतपेयाचा डबा हातीं घेऊन पाहावा. फेनिलकिटोन्युरिया असणाऱ्यांनीं हें पेय घेऊं नये अशी सूचना बारीक अक्षरांत त्यावर छापलेली असते, कारण ॲस्पार्टेममध्यें फेनिलॲलनिन असतें. लक्षावधि लोक ती न वाचतांच डबा रिकामा करतात. ज्या थोड्यांसाठीं ती छापली आहे त्यांस ती वाचावीच लागते.

दुधाची गोष्ट ह्याहून साधी व फार व्यापक आहे. दुधांत लॅक्टोज नांवाची साखर असते व ती पचविण्यास लॅक्टेज हें एन्झाइम लागतें. तान्ह्या वयांत तें जवळजवळ सर्वांत असतें. पुढें जगांतील बहुतेक माणसांत त्याचें उत्पादन मंदावतें. सस्तन प्राण्यांची रीतच ती आहे. कांहीं लोकसमूहांत मात्र एका लहानशा आनुवंशिक बदलामुळें तें मोठेपणींहि चालू राहतें. उत्तर युरोपांत असे लोक पुष्कळ, पूर्व आशियांत फार थोडे, आणि आमच्या देशांत उत्तरेकडे अधिक, दक्षिणेकडे कमी. युरोपियनांत आढळणारा तो बदल नेमका कोठें आहे हें २००२ सालीं फिनलंडमधील कुटुंबांच्या अभ्यासांतून कळलें. ज्यांस तो लाभला नाहीं त्यांनीं पेलाभर दूध घेतलें कीं न पचलेली साखर मोठ्या आंतड्यांत आंबते, वायु धरतो व मुरडा येतो. दह्यांत व ताकांत जंतूंनीं त्या साखरेचा कांहीं भाग आधींच संपविलेला असतो, म्हणून तीं पुष्कळांस सोसतात.

आमच्या त्या मुलाचें असेंच होतें. सुटींत त्याचे वडील त्यास नेण्यास आले, तेव्हां बोलतां बोलतां म्हणाले कीं त्यांच्या घरांत आज्यापासून कोणासच दूध सोसत नाहीं. घरांत ताक सर्वजण पितात. वडील हें सहज सांगत होते. मुलगा खालीं मान घालून उभा होता व त्यानें आमच्याविषयीं एक अक्षरहि काढलें नाहीं. पुढच्या सत्रापासून त्याच्या पानाशीं ताकाची वाटी ठेवण्यांत आली, आणि नव्या मुलांच्या प्रवेशाच्या वेळीं त्यांस कोणतें अन्न सोसत नाहीं हें पालकांस विचारून लिहून घेण्याची पद्धति आम्ही सुरू केली.

इतकें सांगितल्यावर दुसरी बाजूहि सांगणें भाग आहे. हल्लीं तोंडांतील लाळ तपासून प्रत्येकानें काय खावें ह्याची यादी करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत, व सुशिक्षित लोक मोठी रक्कम भरून त्या याद्या घेतात. एका जनुकानें होणारे जे दोष आहेत, त्यांत तपासणीचें मोल निर्विवाद आहे. परंतु लठ्ठपणा, मधुमेह किंवा हृद्रोग ह्यांमागें शेंकडों जनुकें थोडथोडा हात लावीत असतात, आणि त्यांच्या जोडीला संवयी, श्रम, झोंप व घरची सांपत्तिक स्थिति हींहि असतात. गव्हानें होणाऱ्या सीलिॲक नांवाच्या विकाराचेंच पाहा. तो होण्यास ठराविक जनुकें अंगांत असावीं लागतात. तीं नसलीं तर तो विकार असण्याचा संभव फारच थोडा. परंतु तीं असलेल्यांपैकीं बहुतेक माणसें जन्मभर पोळी खाऊन निरोगी राहतात. म्हणजे जनुक सांपडला एवढ्यावरून कोणाच्या ताटांतील पोळी काढून घेणें शहाणपणाचें नव्हे. २०१८ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं ६०९ स्थूल माणसांवर वर्षभर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. कांहींनीं चरबी कमी खाल्ली, कांहींनीं पिष्ट व साखर कमी खाल्ली. अमुक जनुकें असणाऱ्यास अमुक आहार अधिक लागू पडेल, अशी जी अपेक्षा होती ती खरी ठरली नाहीं. गॅरॉड ह्यांनीं एका कुटुंबाचीं दुपटीं तिसऱ्या दिवसापर्यंत पाहिलीं, दुसऱ्या कुटुंबांची माहिती जमविली आणि मगच लेखणी उचलली. लाळेच्या थेंबावरून आयुष्याचा आहार सांगणाऱ्यांस तेवढा धीर नसतो.

पण खुद्द गॅरॉड हेहि एका ठिकाणीं चुकले होते, आणि चरित्रलेखकानें तें झांकून ठेवूं नये. १९०२ च्या निबंधांत त्यांनीं अल्काप्टोन्युरिया हा रोग नसून शरीराची एक निराळी, निरुपद्रवी वाट आहे असें म्हटलें होतें. त्यांच्यापुढें बहुधा लहान मुलें होतीं; त्यांच्यापुरतें तें खरें दिसे. परंतु पाझरणारें आम्ल सर्वच बाहेर जात नाहीं. वर्षानुवर्षें तें सांध्यांच्या कूर्चेंत सांठून तिला काळी व ठिसूळ करतें, आणि तिशी-चाळिशी उलटल्यावर पाठ, गुडघे व कंबर धरतात. १९९६ सालीं ह्या विकाराचा जनुक हातीं लागला. २०२० सालीं युरोपांत ह्या रोग्यांसाठीं निटिसिनोन ह्या औषधास संमति मिळाली. हें औषध पाटाच्या वरच्या एका बाऱ्याशींच पाणी अडवितें, त्यामुळें तें आम्ल फारच थोडें बनतें. मात्र मग टायरोसिन तुंबूं लागतें व त्यानें डोळ्यांस इजा होण्याचें भय असतें. म्हणून हें औषध घेणाऱ्या माणसास डाळ, दूध, अंडें व मांस हीं जन्मभर मोजून खावीं लागतात.